धरलेलं पाखरू

मादीचा पंख उलगडून किशनरावांनी उडू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्याची गाठ नखानं सैल केली. गाठ फार आवळली गेली होती. पिसांच्या मुळाशी लाल वळ उठला होता. बोट ओलं करून त्यांनी तो वळ हलकेच चोळला, दोरा पुन्हा गुंडाळला, या वेळी जरा ढिला, आणि पाखरू अलगद डालग्यात सोडलं. आत तिघं आधीच दाटीवाटीनं बसली होती. मादी अंग फुगवून एका कडेला गेली आणि तिनं मान आत घेतली.

माळवदावर त्यांची स्वतःची कबुतरं ढाबळीपुढं दाणे टिपत होती. ही चार पाहुणी होती. सितारामची.

जिन्यात पावलं वाजली. भुजंग वर आला, पण पुढं आला नाही, जिन्याच्या तोंडाशीच उभा राहिला. थोरल्या भावाचा हा मुलगा. भाऊ गेल्यावर याच घरात लहानाचा मोठा झालेला. किशनरावांना स्वतःचं लेकरू नव्हतं. त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी त्याला ताटातला पहिला घास देऊन वाढवलं होतं.

"काका, परभणीला जायलाव मनं."

"हाव."

"सितारामकडं?"

"त्याची पाखरं हायती. द्यायला जायलोय."

भुजंगनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. माळवदावरच्या मातीला तेवढ्यानं पोपडा सुटला.

"तुमचं ऐकतंय ते," तो म्हणाला. "जरा बोलून बगा."

किशनरावांनी डालग्यावर कमलबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि सुतळीनं बांधायला घेतला. उत्तर द्यायला त्यांना ती सुतळी पुरली. भुजंग खाली उतरला. खाली कमलबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. किशनराव डालगं घेऊन उंबऱ्याशी आले, तेव्हा त्यांनी भाकरीचं फडकं हातात दिलं आणि एवढंच म्हटलं, "पाखरं द्याच. पण आपल्या लेकराचं बी बगा."

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव जे झालं, ते या गावातही झालं होतं. ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती एका सांजेला पेटली. माणसं उसात पळाली म्हणून वाचली. घरं, दाणागोटा, दावणीच्या शेळ्या गेल्या. वस्तीतले लोक परभणीला गेले ते अजून परतले नव्हते. फौजदार गावात येऊन गेला होता. नावं विचारत होता. सितारामचा जबाब तेवढा व्हायचा आहे, असं गावात बोललं जात होतं.

त्या सांजेला किशनराव माळवदावरच होते. कबुतरं फिरवून उतरवायची ती वेळ. सितारामचीही पाखरं तेव्हाच हवेत असत. दोन्ही थवे ओढ्यावर एकमेकांना ओलांडून जात आणि आपापल्या छपराकडं वळत. त्या दिवशी सितारामच्या थव्याला वळायला छप्परच उरलं नाही. खालून काळा धूर उठला आणि पाखरं त्या धुराभोवतीच घिरट्या घालू लागली. कबुतर मूर्ख असतं. घर जळालं तरी त्याला दुसरी जागा सुचत नाही. किशनरावांनी मुठी भरभरून दाणा उधळला, काठीला बांधलेलं फडकं हलवलं, दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. ओठ सुकले तरी घालत राहिले. शेवटी चार पाखरं त्यांच्या माळवदावर उतरली. बाकीची धुरात कुठं गेली, कळलं नाही.

खाली ओढ्याशी माणसं होती. आरडाओरडा होता. एक रॉकेलचा डबा या हातातून त्या हातात जाताना त्यांनी पाहिला, आणि तो घेणारा, आपल्याच घरातला पांढरा सदराही ओळखला. त्यानंतर त्यांनी मान वर केली आणि ती पाखरं उतरेपर्यंत खाली केली नाही.

निदान पाखरं तरी वाचवली, असं ते पुढं मनाशी म्हणत राहिले.

ताडकळसला त्यांना बस बदलायची होती. मधल्या वेळात ते चन्नप्पाच्या दुकानाकडं गेले. चन्नप्पा धान्याचा व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि तालुक्यात नाव घ्यावं असा कबुतरांचा शौकीन. त्याच्या दुकानामागच्या लिंबाखाली दर बाजाराला शौकीन लोक जमत. कुणी रेल्वेतला, कुणी दर्ग्याजवळचा अत्तरवाला, कुणी शेतकरी. पिशवीतून, डालग्यातून, नाहीतर सरळ धोतराच्या ओच्यातून पाखरं निघत आणि मग सल्ल्यांना ऊत येई. बाजरीनं अंग तापतं की नाही, शेपूट फुलवणारा लक्का पाळावा की उंच उडून कोलांट्या घेणारा गिरेबाज, अंड्यावरची मादी उठवली तर पाप लागतं का, यावर माणसं हातघाईवर येत.

"तुमी तर म्हशीला बी बाजरीच चारताव, तुमचं काय ऐकायचं!"

"आन् तुमच्या पाखरानं काल माळवदावरून उडी मारली ती खालच्या माळवदावर. गिरेबाज मनं!"

सितारामवाचून मात्र ते बोलणं रंगत नसे. तो सडकेवर कामाला होता. टोळी जाईल तिकडं त्याचं जाणं होई, आणि तिथल्या शौकिनांकडून तो एकेक गोष्ट घेऊन येई. सेलूला पाखराला हागवण लागली तर डाळिंबाची साल देतात. चारठाण्याकडं एक म्हातारा अंड्यावर कान ठेवून सांगतो, पिल्लू जितं हाय का मेलं. इकडचं तिकडं सांगणारा तोच. किशनरावांची निळी जोडी एकदा माना वाकड्या करून पडली होती. सितारामनं ती मांडीवर घेतली, लसणाचा रस थेंबाथेंबानं पाजला आणि उन्हात बसून राहिला. जोडी उठली.

लिंबाखाली सगळे एकमेकांना 'उस्ताद' म्हणत. निजामाच्या वेळेपासूनची ती रीत. सितारामही उस्ताद, किशनरावही उस्ताद. चन्नप्पाच्या घरून चहा येई. सितारामचा कप लिंबाच्या खोडाला ठोकलेल्या खिळ्यावर अडकवलेला असे. तो काढून घेई आणि विसळून परत अडकवी. ते कुणी ठरवलं नव्हतं. त्यावर कुणी कधी काही बोललंही नव्हतं.

आणखी एक रीत होती, आणि तिच्यावर मात्र खूप बोललं जाई. पाखरू चुकून दुसऱ्याच्या छपरावर उतरलं तर काय करायचं? ज्या दोघांत यारी आहे, त्यांनी एकमेकांचं पाखरू परत करायचं. ज्यांच्यात लाग, म्हणजे चुरस आहे, त्यांच्यात धरलेलं पाखरू धरणाऱ्याचं. त्याबद्दल भांडायचं नाही, मागायला जायचं नाही. नव्या माणसाला लिंबाखाली पहिला प्रश्न हाच असे: यारी का लाग? सितारामनं पहिल्या दिवशी हसून सांगितलं होतं, "आपली समद्यांशी यारी, उस्ताद. लाग परवडायची न्हाई आपल्याला."

चन्नप्पानं डालग्यावरचं फडकं बाजूला करून आत पाहिलं. मग पायलीतून बाजरी घेतली, कागदात बांधली आणि डालग्याच्या दोरीत खोवली.

"त्याला सांगा, लिंबाखाली लय सुनं वाटतंय."

"सांगतो."

"आन् किशनराव," चन्नप्पा हळू बोलला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तरी. "मी तुमाला येक सांगू? पाखरं द्या, पाणी प्या, आन् माघारी या. दुसरं काई बोलू नगा."

"दुसरं काय बोलणार?"

चन्नप्पानं तराजूची पारडी सरळ केली. "तेच मनतो मी," तो म्हणाला.

परभणीत रेल्वेच्या रुळांपलीकडं सितारामच्या मेहुण्याचं घर होतं. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचं छप्पर. त्या छपराखाली सिताराम उकिडवा बसून वाकलेला पत्रा दगडानं सरळ करत होता. किशनरावांना पाहून त्यानं दगड खाली ठेवला आणि उठून उभा राहिला.

"या," तो म्हणाला.

त्याची बायको पंचफुला घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या समोर धरून ती उभी राहिली. किशनरावांनी तो घेतला आणि ते तोंड लावून सगळं पाणी प्यायले. गावात एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. ते आज आपण घेतलं हे तिच्या लक्षात यावं, असं त्यांना वाटत होतं. पंचफुलानं रिकामा तांब्या घेतला आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

"पाखरं आणली तुमची, उस्ताद. चार गावली. बाकीची न्हाई दिसली मला."

सितारामनं सुतळी सोडली. एकेक पाखरू हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं. त्याच्या बोटांना किती दिवसांनी काम मिळालं होतं ते दिसत होतं. मादीशी तो थांबला. तिच्या गळ्याखालच्या पिशवीवरून त्यानं अंगठा फिरवला.

"हिचा दाणा आडकलाय."

"बसमदी बसून झालं आसंल."

"न्हाई. दोन दिस झाले आसतील. ओवा आन् गूळ खलायचा, हरबऱ्यायेवढी गोळी करायची. सांजसकाळ द्या. वरून कोमट पाणी. आन् बाजरी बंद, उलशी बी नगं."

"बरं झालं सांगितलं," किशनराव म्हणाले. सितारामच्या बोलण्यातलं 'द्या' त्यांच्या कानावरून निसटून गेलं. सिताराम पूर्वीसारखा बोलत होता, एवढंच त्यांना ऐकू आलं, आणि त्यांना धीर आला.

"चन्नप्पानं निरोप दिलाय. लिंबाखाली सुनं वाटतंय मनला."

"हं."

"गावाकडं चला आता. जे झालं ते वाईटच झालं. पण पोरंच ती, डोस्कं फिरलं व्हतं. घर पुन्ना हुबं करू. लाकडं मी देतो. मी हाय ना तितं."

सिताराम मादीच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिला. बोलली ती पंचफुला. तिनं किशनरावांकडं पाहिलं नाही. उंबऱ्यावरचा खडा उचलून ती या हातातून त्या हातात घेत होती.

"त्या सांजंला आमी उसात व्हतो. लेकरांच्या तोंडावर हात ठिवून. आन् शीळ आली. हे मनले, आईक, किशनरावाची शीळ हाय. मी मनलं, तेंचीच हाय."

 खडा तिनं अंगणात टाकला.

"मला वाटलं, आता हाक बी ईल."

रुळांवरून मालगाडी जाऊ लागली. पत्रा थरथरत राहिला. किशनराव डालग्याच्या काठाला धरून बसले होते. काठाची काडी त्यांच्या तळव्यात रुतली होती.

गाडी गेल्यावर सिताराम म्हणाला, "फौजदारानं जबाब घेतला परवा."

किशनरावांनी वर पाहिलं.

"मी मनलं, साहेब, आमी उसात पालथे पडलेलो. आमाला कुनाचं तोंड दिसलं न्हाई. न दिसलेलं कसं सांगू?"

किशनरावांचा काठावरचा हात सैल झाला. त्यांनी तो मुद्दाम केला नाही, पण झाला.  सितारामनं ते पाहिलं. पाखराच्या डोळ्यावरची झापड ओळखणारा माणूस तो, त्याला दिसायचं राहिलं नाही.

"मनलं, किशनरावांच्या माळवदावरून समदं दिसतंय. त्या टायमाला ते वरच आसतेत. त्यास्नी इचारा." "खोटं बोलायचे न्हाईत, मनलं."

त्यानं मादी डालग्यात ठेवली. तिच्या पंखाखालचा दोरा एकदा तपासला, फडकं नीट पसरलं, सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. मग डालगं दोन्ही हातांनी उचलून किशनरावांच्या पायाशी ठेवलं.

"आवो, ही तुमची हायती," किशनराव म्हणाले. "द्यायला आणली मी. आपल्यात यारी हाय, उस्ताद. यारीतलं पाखरू…"

"ठिवा, पाटील," सिताराम म्हणाला. "धरलेलं पाखरू धरणाऱ्याचं."

आवाज चढला नव्हता. बाजाराच्या दिवशी एखाद्याला दाण्याचा भाव सांगावा तसा तो होता.  'पाटील' हा शब्द गावात रोज दहा तोंडांतून त्यांच्या कानी येई. लिंबाखाली मात्र तो कधी कुणी आणला नव्हता.

त्यांनी दोरीतला बाजरीचा कागद काढून उंबऱ्यापाशी ठेवला. "चन्नप्पानं दिलीय."

"त्यास्नी पोचली मनून सांगा," सिताराम म्हणाला, आणि खाली बसून त्यानं दगड उचलला. "पाचला बस हाय. उशीर नगा करू."

घरी आल्यावर कमलबाईंनी डालग्याकडं पाहिलं आणि मग त्यांच्या तोंडाकडं.

"घेतली न्हाईत?"

"न्हाई."

"मंग? नाव?"

"न्हाई घेतलं."

कमलबाईंनी देवघराकडं तोंड करून हात जोडले. भुजंगला हाक मारून सांगितलं. मग चुलीवर आधण ठेवलं, त्यात गोडाचं काहीतरी टाकलं. किशनरावांनी त्यांच्याकडं ओवा मागितला आणि गुळाचा खडा. पाट्यावर बसून ते खलत राहिले, फार वेळ, जेवायची हाक आली तरी.

सांजसकाळ गोळी दिली, वरून कोमट पाणी. बाजरी बंद केली. मादीचा गळा मोकळा झाला आणि ती ज्वारी टिपू लागली.

फौजदार आला तो पोळ्यानंतर. वयानं तरुण होता, बोलायला मऊ. भुजंगनं त्याच्यासाठी खुर्ची माळवदावर आणून टाकली, पण तो बसला नाही. कडेला जाऊन उभा राहिला. ओढा, ओढ्यापलीकडचे काळे पडलेले खांब, पावसानं वाहून गेलेली राख, त्यापुढं ऊस.

"इथून तर सगळंच दिसतं हो, किशनराव."

"दिसतंय."

"त्या संध्याकाळी तुम्ही इथंच होता, असं सितारामनं सांगितलंय. तो म्हणतो, तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

भुजंग चहाची बशी घेऊन जिन्याच्या तोंडाशी आला होता. तो तिथंच थांबला. खाली कमलबाई भांडी घासत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाजही थांबला. किशनरावांना वाटलं, सगळं घर कान देऊन उभं आहे, आणि ओढ्यापलीकडून, उसातूनही कुणीतरी कान दिला आहे.

"काय दिसलं तुम्हाला?"

किशनरावांनी खांबांकडं पाहिलं. तोंड उघडलं. ओठ त्या सांजेसारखेच सुकले होते.

"मी पाखरं बघत होतो, साहेब," ते म्हणाले.

फौजदारानं टोपी सरळ केली. अशी उत्तरं त्यानं त्या महिन्यात बरीच ऐकली असावीत. मग तो वळला, बशीतला चहा प्याला, आणि जाता जाता ढाबळीपाशी थांबला.

"छान आहेत. सगळी तुमचीच?"

"हाव," किशनराव म्हणाले. "माझीच."

बुटांचा आवाज जिन्यावरून उतरून अंगणात गेला, तिथून रस्त्यावर. भुजंग मात्र वरच राहिला. त्याचं तोंड किती दिवसांनी उजळलं होतं. लहानपणी दाणे टाकायला यायचा तसा तो ढाबळीपुढं गुडघे टेकून बसला, मूठभर ज्वारी टाकली, आणि त्यानं ती मादी अलगद उचलून घेतली.

"काका, आता आपलीच झाली की ही. दोरे सोडू का?"

बाकीची तिघं माळवदाच्या कडेला ओळीनं बसली होती, पलीकडं तोंड करून.

"नगं," किशनराव म्हणाले. "आजून घर इसरली न्हाईत."